मदत हवी आहे : आईचा ताप उतरेना, अंगावर पुरळ, डेंग्यू निगेटिव्ह

भंडारा जिल्ह्यातल्या खेड्यातून लिहितोय. आईला सहा दिवस झाले ताप आहे, १०३ पर्यंत चढतो. डोकं इतकं ठणकतं की उजेड नको म्हणते. कालपासून पोटापाठीवर बारीक लाल पुरळ उठलंय. खाज नाही, बोटानं दाबलं की फिकं पडतं.

शेजारचे म्हणतात माता आली, उशाशी कडुनिंबाचा पाला ठेवा. मला पटत नाही. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात, काही ताजे तर काही खपली धरलेले. तसा एकही नाही. गोवर म्हणावा तर ना खोकला, ना डोळे लाल, आणि पुरळ कानामागून सुरू झालेलं नाही. तालुक्याला सलाइन, इंजेक्शनं झाली, फरक शून्य. काल डेंग्यूची एनएस-१ तपासणी निगेटिव्ह आली, प्लेटलेट ८२ हजार. महिनाभर ती धानाच्या बांधीत निंदायला जात होती. आता कोणती तपासणी करायला सांगू? फार घाबरलोय.

उत्तर : दादा, मी ग्रामीण भागात परिचारिका आहे. पाच दिवस उलटल्यावर एनएस-१ निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून डेंग्यूची आयजीएम, म्हणजे रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी, करूनच घ्या. पण निंदणाचं वाचून मला स्क्रब टायफसची शंका येते. गवतातल्या बारीक किड्याची अळी, चिगर म्हणतात तिला, ती चावून हा जंतू अंगात जातो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूरकडे याची साथ आली होती.

पुरळापेक्षा चावल्याची जागा शोधा. काख, स्तनांखाली, जांघ, कंबर. विडीचा चटका बसल्यासारखी काळी खपली असते, भोवती लाल कडा. दुखत नाही, म्हणून पेशंट सांगतच नाही. सापडली नाही तरी आजार नाही असं समजू नका, स्क्रबची आयजीएम एलायझा करायला सांगा. शंका पक्की वाटली तर डॉक्टर रिपोर्टसाठी न थांबता डॉक्सिसायक्लिन सुरू करतात. धाप लागली, बरळायला लागली किंवा लघवी कमी झाली, तर सकाळची वाट पाहू नका.

धागाकर्ता : ताई, सापडली! बायकोनं पाहिली. परकराच्या नाडीखाली, डाव्या बाजूला, मसुराच्या डाळीएवढी. आई म्हणते, नाडी घासली असेल म्हणून बोलली नाही. गाडी सांगितली आहे. दवाखान्यात आधी काय दाखवू, रिपोर्ट का?

उत्तर : आधी खपली. आणि निंदणाचं सांगायला विसरू नका.