मदत हवी आहे : तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगून त्रास वाढतोय

मैत्रिणीच्या अपघाताला पाच महिने झाले. येणारा प्रत्येकजण 'नेमकं काय झालं?' विचारतो आणि ती सांगते. सांगून झालं की हातपाय गार पडतात, रात्रभर झोप नाही. बोलल्याने मन मोकळं होतं म्हणतात, इथे उलटंच दिसतंय. तिला बोलू द्यावं की थांबवावं? उपचारातही तेच सांगायला लावतात ना?

निशिगंध :
तोंड बंद करू नका, ऐकणारे कमी करा. भेटायला आलेल्यांसमोर गोष्ट बहुतेक वेळा सगळ्यात भीतीच्या जागी तुटते. कुणाचा फोन वाजतो, कुणी 'जाऊ दे गं, आठवू नकोस' म्हणतं. छाती धडधडत असते आणि विषय बदललेला असतो. आठवण आली तरी आत्ता आपण सुरक्षित आहोत, हे उमगायला वेळच मिळत नाही.

उपचारात नेमका तोच वेळ दिला जातो. मानसशास्त्रज्ञ एडना फोआ यांच्या प्रोलाँग्ड एक्सपोजर (आठवणीला टप्प्याटप्प्याने सामोरं जाण्याच्या) पद्धतीत साधारण 8 ते 15 सत्रं असतात, बहुधा 90 मिनिटांची. डोळे मिटून, वर्तमानकाळात, प्रसंग पुन्हा पुन्हा सलग सांगायचा. मधूनमधून त्रासाला 0 ते 100 मध्ये आकडा द्यायचा. मग त्यावर शांतपणे बोलणं. सुरुवातीला काहींचा त्रास थोडा वाढतोही. म्हणून हे घरी करून बघू नका, कृपया.

सावली :
सहमत. प्रसंगानंतर लगेच एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत पूर्वी फार चालायची. 2002 च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र तपासणारा आढावा) तिचा आघातोत्तर ताण, म्हणजे पीटीएसडी, टाळायला उपयोग दिसला नाही.

घरी करण्यासारखं : तिच्यासोबत बसून तीन वाक्यं ठरवा. 'अपघात झाला. आता बरी होतेय. तपशील नको वाटतो.' पाहुण्यांना एवढंच, आणि शक्यतो ते तुम्हीच सांगा. अधिकृत कामाला तपशील लागला तर एकदाच नीट लिहून ठेवा आणि जिथे चालेल तिथे प्रत द्या.

ती बोलत असताना चेहऱ्याकडे लक्ष असू द्या. नजर एका जागी खिळली, आवाज सपाट झाला, हाक ऐकू येईनाशी झाली तर 'मग पुढे?' अजिबात विचारू नका. नावाने हाक मारा, पाय जमिनीवर टेकवायला सांगा, आजचा वार विचारा, खोलीतल्या पाच वस्तूंची नावं घ्यायला लावा. न विचारता अंगाला हात लावू नका, दचकायला होतं.

धागाकर्ती :
खूप आभार. लिहून काढलं तर?

निशिगंध :
मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांच्या मनातला त्रास लिहून काढण्याच्या 1986 च्या प्रयोगात सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं लिहायचं होतं. लिहिल्यानंतर लगेच मन जड होतं, हे त्यातही दिसलं. तिची झोप आधीच उडाली आहे, तेव्हा आत्ता एकटीने नको. महिन्याहून जास्त काळ हे चाललंय, म्हणजे आघातावर काम करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांची वेळ याच आठवड्यात घ्या. जगणं नको असं बोलली तर वेळेची वाट न बघता त्याच दिवशी न्या आणि तोवर तिला एकटी सोडू नका. पहिल्या भेटीत 'सगळं आजच सांगायचं नाहीये' हे तिने आधीच म्हटलं तरी चालतं.