मदत हवी आहे: मुलाच्या एका प्रश्नावर शास्त्रभाग सुचवा

प्रभूमध्ये सर्वांना नमस्कार. गेल्या शनिवारी आम्ही चौघं कोल्हापुरात राजारामपुरीतल्या चंद्रकांत मांडरे कलासंग्रहालयात गेलो होतो. तिथली पावडर शेडिंगची (रंगाच्या पुडीने रंगवलेली) चित्रं बघताना मुलांना (वय 10 आणि 6) बायबलमधलं इफिसकरांस 2:10 सांगितलं, की आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यं करण्यासाठी निर्माण झालो आहोत. मोठा लगेच म्हणाला, "चित्र तर भिंतीवर नुसतं टांगलेलं असतं. ते कुठे काही करतं?"

प्रश्न मला फार खरा वाटला. चांगलं वागणंही देवच करवून घेतो, तर आपण काय करायचं, हेच तो विचारतोय.

घरी यिर्मया 18 मधला कुंभार वाचला. पण भांडं बिघडतं तिथे धाकटी घाबरली, "देव मलाही मोडेल का?" म्हणाली. तालंतांचा दाखला (धन्याने सोपवलेलं धन चाकर कसं वापरतात ती येशूची गोष्ट) मोठ्याला पाठ आहे, त्याने समाधान होत नाही. आता निर्गम 31 मधला कारागीर बसालेल डोक्यात आहे. देवाने त्याला आत्म्याने भरलं, कसब दिलं, पण निवासमंडपाचं (देवाच्या उपासनेच्या तंबूचं) काम त्याने स्वतःच्या हातांनी केलं. मात्र त्या अध्यायात गोष्ट अशी फारशी नाही, नुसती यादी वाटेल.

रविवारी घरच्या प्रार्थनेत 15-20 मिनिटं मिळतील. मुलं मराठी माध्यमातली आहेत, त्यामुळे इंग्रजी व्हिडिओ नकोत. कागद, खडू, रांगोळी घरात आहे.

बसालेलचा भाग धाकटीलाही कळेल असा कसा सांगावा, की याहून सोपा दुसरा शास्त्रभाग आहे?