'अ‍ॅलेगरी'ला रूपक म्हणायचं का?

निळी शाई: रेनेसांसच्या (युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या) रेखाटनांवरचा मजकूर मराठीत आणतेय. 'अ‍ॅलेगरी ऑफ पेंटिंग'ला (म्हणजे चित्रकलेच्या कल्पनेला माणसाचं रूप देऊन दाखवणं) मी 'चित्रकलेचे रूपक' लिहिलं. तपासणाऱ्या बाईंचा लाल शेरा: 'रूपक हा अलंकार!' चेझारे रिपाच्या 'इकोनोलोजिया'त (कुठली कल्पना चित्रात कशी दाखवायची याचा इटालियन कोश, १६०३ची आवृत्ती) चित्रकला म्हणजे एक बाई. केस विस्कटलेले, तोंडावर फडकं, गळ्यातल्या साखळीला मुखवटा. हिला काय म्हणू?

बोरूबहाद्दर: बाई बरोबर आहेत. निर्जीवाला माणूस केलं की चेतनगुणोक्ती. शाळेत पाठ केलेलं कधी वापरायचं?

तिरपी रेघ: 'चित्रकलेची चेतनगुणोक्ती'! हे वाचून तिने फडकं आणखी आवळलं असेल. (चित्र म्हणजे मुकं काव्य, म्हणून ते फडकं. इटालियन चित्रकार आर्तेमिसिया जेंतिलेस्कीने पुढे स्वतःलाच चित्रकला म्हणून रंगवलं, तेव्हा मुखवटा ठेवला आणि फडकं काढून टाकलं. शाब्बास.)

आजोळ: आमची आजी म्हणायची, भारुडाचा वरचा अर्थ पोरांना, आतला थोरांना. नाथांचा विंचू खरा विंचू थोडाच, तो काम-क्रोध. नाथ आणि व्हासारी (इटालियन कलावंतांची चरित्रं लिहिणारा) एकाच शतकातले. मग 'भारूड' का नको? मूळ शब्दच 'भारुंड', दोन तोंडांचा पक्षी. दोन तोंडं, दोन अर्थ.

बोरूबहाद्दर: पक्षी कुठला, 'बहुरूढ'वरून आलाय तो. आणि आज 'भारूड लावलंय' म्हणजे काय, ते या धाग्यावर दिसतंच आहे.

पेणकर: खरी गोची पुढे आहे, ताई. व्हासारी 'दिसेन्यो'ला, म्हणजे रेखाटनाला, तिन्ही कलांचा बाप म्हणतो. चित्रकार झुक्कारोने रोममधल्या स्वतःच्या घराच्या छतावर तो बाप रंगवलाय, सोबत चित्रकला, शिल्पकला, वास्तुकला. इटालियनमध्ये दिसेन्यो पुल्लिंगी, कला स्त्रीलिंगी, त्यामुळे सगळं घरच्या घरी जमतं. आपल्याकडे कला आहेत मुली, पण बाप 'ते रेखाटन'!

तिरपी रेघ: 'आराखडा' घ्या, पुल्लिंगी आहे.

पेणकर: त्याला नगरपालिकेचा वास येतो हो. आणि दिसेन्योत हाताची रेघ आहे, तशी डोक्यातली कल्पनाही.

बोरूबहाद्दर: 'संकल्प' घ्या. संस्कृतात सगळं आहे.

आजोळ: संस्कृतात सगळं आहे, पण बाजारात कुणी बोलत नाही.

निळी शाई: उद्या सकाळी द्यायचंय हो. सध्या 'चित्रकला, स्त्रीरूपात' लिहिलंय. चालेल का?

बोरूबहाद्दर: आजोळ, 'भारुंड'ला आधार काय, ते राहिलंच.