उद्योजकाच्या मानपत्रात ‘दानत’ की ‘दातृत्व’?

प्रश्न

खानापूर तालुक्यातील आमच्या मराठी शाळेच्या नव्या वर्गखोल्यांसाठी बेळगावच्या उद्यमबागेतील एका कारखानदारांनी मोठी रक्कम दिली आहे. त्यांना द्यावयाच्या मानपत्राच्या मसुद्यात ‘उद्योगात यश मिळवूनही आपली दानत मोठी राहिली’ असे वाक्य आहे. ‘दानत’ या शब्दाचा दानाशी काही संबंध नाही, असा आक्षेप शाळा समितीतील एका निवृत्त गुरुजींनी घेतला आहे. तो बरोबर आहे का? तसेच दान, देणगी, दातृत्व यांपैकी कोणता शब्द कोठे शोभतो, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

पहिला प्रतिसाद

गुरुजींचा आक्षेप व्युत्पत्तीच्या दृष्टीने बरोबर आहे. ‘दान’ हा ‘दा’ या संस्कृत धातूपासून झालेला शब्द आहे, तर ‘दानत’ हा अरबी ‘दियानत’ या शब्दाचे मराठी रूप आहे. मूळ अर्थ धर्मनिष्ठा, सचोटी असा असून उर्दूत आजही प्रामाणिक माणसाला दियानतदार म्हणतात. मराठीत त्याला मनाची वृत्ती, नियत असा अर्थ आला आणि म्हणूनच ‘त्याची दानतच वाईट’ असे आपण सहज बोलतो. ‘दान’ या शब्दाशी असलेल्या ध्वनिसाम्यामुळे पुढे ‘द्यायची दानत लागते’ असा प्रयोग रूढ झाला. तो आता इतका मुरला आहे की त्याला अशुद्ध ठरवणे मला योग्य वाटत नाही. मात्र दानत ही माणसाची वृत्ती आहे, त्याने केलेली कृती नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

खरा विचार व्हायला हवा तो ‘दान’ या शब्दाचा. धर्मशास्त्रात दानाची जी व्याख्या केली आहे, तिचा आशय असा की एखाद्या वस्तूवरील आपले स्वत्व सोडून तिथे दुसऱ्याचे स्वत्व निर्माण करणे म्हणजे दान. दान देताना हातावरून उदक सोडण्याची रीत होती. ‘एखाद्या गोष्टीवर पाणी सोडणे’ हा वाक्प्रचार त्याच रीतीतून आला. म्हणजे जे आपले आहे तेच दान करता येते आणि केल्यावर ते आपले उरत नाही, या दोन्ही अटी शब्दातच आहेत. रक्तदान, नेत्रदान, श्रमदान हे नवे शब्द घडवताना मराठी माणसाने ‘दान’च निवडले, ‘देणगी’ निवडली नाही, याचे कारणही मला हेच दिसते. याउलट जे आपले नाही ते देणाऱ्यासाठी मराठीने ‘हलवायाच्या घरावर तुळशीपत्र’ ही म्हण राखून ठेवली आहे.

उद्योजकांच्या देण्याविषयी लिहिताना ही कसोटी फार उपयोगी पडते. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान दोन टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. त्यासाठी मराठीत रूढ झालेला ‘सामाजिक दायित्व’ हा शब्द अगदी अचूक आहे. पैसा कंपनीचा, म्हणजे सर्व भागधारकांचा असतो आणि तो खर्च करणे कायद्याने बंधनकारक असते. त्या कामाचे मोल मी कमी मानत नाही. परंतु त्या खर्चासाठी कंपनीच्या अध्यक्षांना ‘दानशूर’ म्हणणे हा शब्दाचा अपव्यय आहे. अझीम प्रेमजी यांनी २०१९ साली विप्रोतील आपल्या ३४ टक्के समभागांचे आर्थिक लाभ, म्हणजे त्या वेळच्या किमतीने ५२,७५० कोटी रुपये, आपल्या प्रतिष्ठानाच्या कार्यासाठी कायमचे सोडून दिले, ते मात्र शब्दाच्या पूर्ण अर्थाने दान आहे. त्याच प्रतिष्ठानाने २०२४ साली कर्नाटक सरकारशी करार करून सरकारी व अनुदानित शाळांतील मुलांना आठवड्यातून आणखी चार दिवस अंडी देण्याचा भार उचलला. त्या शाळांमध्ये सीमाभागातील मराठी शाळाही आहेत.

प्रत्येक मोठे देणे दानच असले पाहिजे, असेही नाही. जमशेटजी टाटा यांनी १८९२ साली उच्च शिक्षणासाठी जो निधी स्थापला, त्यातून मिळते ती परत करावयाची कर्जाऊ शिष्यवृत्ती. फेडलेली रक्कम पुढच्या विद्यार्थ्याच्या कामी येते. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म आपल्याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचा आणि व्यवसायाचा आरंभ बेळगावातल्या सायकलच्या दुकानाचा. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर १९१० साली औंधच्या संस्थानिकांनी त्यांना कारखान्यासाठी जमीन दिली. त्या मदतीला ‘आश्रय’ म्हणतात, कारण घेणाऱ्याने त्यावर काही उभे करून दाखवावे ही अपेक्षा तीत असते.

शब्दांमधला फरक क्रियापदांवरूनही कळतो. वर्गणी भरतात, देणगी देतात, दान करतात. ‘भरणे’ कराच्या जवळचे आहे. आपल्या गावांत जत्रेसाठी घरटी काढतात ती ‘पट्टी’ही भरायचीच असते. देणगी स्वेच्छेची असून तिची पावती मिळते आणि रक्कम लहान असली तरी शब्द लहान वाटत नाही.

दुसरा प्रतिसाद

वरील विवेचनात सीमाभागातले दोन शब्द जोडावेत असे वाटते. आपल्याकडच्या कन्नड फलकांवर ‘देणिगे’ आणि ‘दत्ती’ हे शब्द नेहमी दिसतात. देणिगे म्हणजे आपली देणगीच. देवस्थानांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याच्या नावातला ‘दत्ती’ म्हणजे कायम उत्पन्नासाठी लावून दिलेली मालमत्ता. मराठीत त्याला ‘अक्षय निधी’ म्हणता येईल. १९०६ साली निवर्तलेल्या शिरसंगीच्या लिंगराज देसाईंनी मृत्युपत्राने आपली इस्टेट शिक्षणासाठी ठेवली, ती अशी दत्ती होय. ते वतनदार होते, उद्योजक नव्हते, परंतु आपल्या भागात देण्याचे माप त्यांच्यावरूनच ठरले.

दुसरा शब्द ‘दासोह’. मठातील अन्नछत्राला आपण मराठी माणसेही दासोहच म्हणतो, पण बसवण्णांच्या विचारात त्याची जोडी ‘कायक’ या शब्दाशी आहे. कायक म्हणजे निष्ठेने केलेले काम आणि दासोह म्हणजे त्यातून मिळालेले समाजाला विनम्रपणे अर्पण करणे. देणारा येथे स्वतःला दाता न मानता सेवक मानतो. कमावणे आणि वाटणे यांना असे एकत्र बांधणारी शब्दजोडी मराठीत मला तरी आढळत नाही, म्हणून कारखानदारांच्या मानपत्रात ती निःसंकोच वापरावी.

एक खंत येथे नोंदवतो. टिळकवाडीतील ‘जी. एस. एस.’ महाविद्यालयाच्या नावातले गोविंदराम सेक्सरिया हे मुंबईचे उद्योगपती होते, हे तिथल्या किती विद्यार्थ्यांना सांगितले जाते? कोनशिलेवर नाव पूर्ण कोरलेले असते, पण बोलताना आपण त्याची आद्याक्षरे करून टाकतो. आपल्या शाळेत नव्या खोल्यांना नाव दिले जाणार असेल तर ते पूर्ण उच्चारण्याची सवय मुलांना पहिल्या दिवसापासून लावावी.

पहिल्या प्रतिसादकाकडून

दासोहाची सूचना मला मान्य आहे. मसुद्याबद्दल एवढेच सांगतो की ‘यश मिळवूनही’ यातला ‘ही’ काढावा. यश मिळाले की माणूस देण्यास कचरतो, असे त्यातून नकळत सुचते आणि ते या गृहस्थांवर अन्याय करणारे आहे. रक्कम त्यांनी स्वतःच्या मिळकतीतून दिली आहे की कारखान्याच्या खात्यातून, याची खात्री करून घ्यावी. स्वतःच्या मिळकतीतून दिली असेल तर वाक्य असे करता येईल: ‘आपण उद्योगात जे कष्टाने मिळवले, त्यातील मोठा वाटा या शाळेच्या वर्गखोल्यांसाठी दान केला, आपल्या या दातृत्वाबद्दल आम्ही कृतज्ञ आहोत.’ कारखान्याच्या खात्यातून आली असेल तर ‘दान केला’ ऐवजी ‘उपलब्ध करून दिला’ असे लिहावे, आणि दातृत्वाच्या जागी ‘आस्था’ हा शब्द घालावा.