स्पॅनिशमधलं 'तेनेर' (जवळ असणे) बोलताना गल्लत होते, सराव कसा करावा?

नवशिकी_ए१
रूपांचा तक्ता पाठ आहे, पण बोलताना तेन्गो (मी), तिएनेस (तू), तेनेमोस (आम्ही) यांची सरमिसळ होते. मनात 'मला...'ने सुरू होणारं वाक्य आलं की तर अडतंच. काय करावं?

शब्दवेध
तक्ता आघात (अक्षरावरचा जोर) ऐकत म्हणा. आघात धातूवर पडला की 'ते'चा 'तिए' होतो: तिएनेस, तिएने, तिएनेन. तेनेमोस, तेनेइसमध्ये तो पुढे सरकतो, म्हणून 'ते' टिकतो. तेन्गो वेगळं, ते बेन्गो (मी येतो), पोन्गो (मी ठेवतो), साल्गो (मी बाहेर पडतो) यांच्या जोडीने घोका. ही चौघं भविष्यकाळातही एकाच वळणाची आहेत: तेन्द्रे, बेन्द्रे, पोन्द्रे, साल्द्रे. लॅटिन अमेरिकेसाठी शिकत असाल तर तेनेइस तूर्त बाजूला ठेवा, तिथे 'तुम्ही सगळे'लाही तिएनेनच चालतं.

कोकणकडा
'मला'बद्दल. आपल्याकडे मला भूक लागते, मला दोन भाऊ असतात, माझ्याकडे पैसे असतात. स्पॅनिशमध्ये तिन्हींचा कर्ता 'मी'च: तेन्गो आम्ब्रे, तेन्गो दोस एर्मानोस, तेन्गो दिनेरो. सुरुवातीला 'मे' किंवा 'आ मी' (दोन्हींचा अर्थ 'मला') लावायचं नाही.
'खूप भूक' म्हणजे मुचा आम्ब्रे. मुइ आम्ब्रे चूक, कारण आम्ब्रे हे नाम आहे. लिंगही सांभाळा: मुचा सेद (तहान), मुचा प्रिसा (घाई), पण मुचो फ्रिओ (थंडी), मुचो सुएन्यो (झोप). वयालाही तेनेरच: तेन्गो बेइन्ते आन्योस (मी वीस वर्षांचा आहे). इथे 'सोय' ('मी आहे' याचं स्पॅनिश रूप) नको, आणि 'न्यो'चा 'नो' तर अजिबात नको, अर्थ अश्लील होतो.
'टेबलावर पुस्तक आहे' यातल्या 'आहे'ला मात्र तेनेर नाही: आय उन लिब्रो एन ला मेसा.

नवशिकी_ए१
खूप आभार दोघांचे! भूतकाळात तुबे कधी आणि तेनिआ कधी?

शब्दवेध
'तेनेर के' घेऊन बघा. तुबे के इर: जावं लागलं, म्हणजे गेलोच. तेनिआ के इर: जाणं भाग होतं, प्रत्यक्ष गेलो की नाही ते पुढचं वाक्य सांगतं. मराठी कानाला हा फरक लगेच कळतो, त्याचा फायदा घ्या. तुबे, तुबोचा आघात पहिल्या अक्षरावर. आब्ले (मी बोललो) यासारखा शेवटी टाकण्याची चूक फार जण करतात. एस्तुबे (मी होतो) आणि आन्दुबे (मी चाललो) याच साच्यातले, सोबतच उरकून टाका.
सराव वाक्यांचा करा, मोठ्याने: रोज एक तेन्गोचं, एक तिएनेसने विचारलेला प्रश्न, एक 'तेन्गो के'चं. तिन्ही जिभेवर बसल्याशिवाय तुबेकडे वळू नका. शंका आली तर रेआल अकादेमिया एस्पान्योला या स्पॅनिश भाषेच्या अकादमीच्या ऑनलाइन शब्दकोशात तेनेर शोधा, सगळ्या काळांची रूपं तिथे फुकट मिळतात.