प्रति: पानाला स्वतःचं नाव दिलं, पण आकडे दुप्पट
गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये (साइटच्या भेटी मोजणाऱ्या सेवेत) पानाला स्वतःचं नाव दिल्यापासून पेजव्ह्यू, म्हणजे पान किती वेळा पाहिलं गेलं ते आकडे, दुप्पट दिसतायत म्हणालात, म्हणजे मूळ कोडमधली रिकामी, म्हणजे नाव नसलेली, 'ट्रॅकपेजव्ह्यू' ओळ (पेजव्ह्यू नोंदवणारी आज्ञा) बहुतेक तशीच राहिलीय आणि दोन्ही ओळी मोजल्या जातायत. नवी ओळ खाली जोडायची नसते, त्याच ओळीत नाव घालायचं: कंसात आज्ञेच्या नावानंतर दुसरा घटक म्हणून '/फॉर्म/पायरी-२' असं काहीतरी. सुरुवातीची तिरकी रेघ विसरू नका.

वर कुणीतरी 'स्क्रिप्ट (अ‍ॅनालिटिक्सची फाइल) लोड व्हायच्या आधी पुश केलं, म्हणजे आज्ञा पाठवली, तर वाया जातं' असं लिहिलंय, ते बरोबर नाही. असिंक्रोनस कोडची (पानाला न अडवता मागून लोड होणाऱ्या कोडची) गंमतच ती आहे. ज्यात पुश करतो तो आधी साधा अ‍ॅरे (यादी) असतो, आज्ञा रांगेत पडून राहतात, आणि फाइल आली की क्रमाने चालतात. म्हणून 'सेटअकाउंट' (कुठल्या खात्यात नोंद करायची ते सांगणारी आज्ञा) आधी हवं, इतकंच. क्लिकवर पुश करून लगेच दुसऱ्या पानावर जात असाल तर मात्र नोंद हुकू शकते.

अर्थात हा जुना कोड आहे. युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्सच्या (गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या आधीच्या आवृत्तीच्या) साध्या प्रॉपर्टीज, म्हणजे साइटची मोफत खाती, १ जुलै २०२३ पासून नवा डेटा घेत नाहीत. जीए४ (त्यानंतरची आवृत्ती, गूगल अ‍ॅनालिटिक्स ४) मध्येही दुखणं तेच: कॉन्फिगमध्ये (सुरुवातीच्या सेटिंगच्या ओळीत) आपोआप जाणारा पेजव्ह्यू आधी बंद करा, मग स्वतःचं शीर्षक आणि पत्ता देऊन पेजव्ह्यूचा इव्हेंट (नोंद) पाठवा.