पीसीओएस आणि इन्सुलिन रेझिस्टन्स: दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी?

कोथिंबीरवडी: वय 29, पीसीओएस (बीजांडकोशांचा संप्रेरक-विकार, पाळी अनियमित होते) पाच वर्षांपासून. ताजा रिपोर्ट: उपाशीपोटी साखर 98, उपाशीपोटी इन्सुलिन 24. दोन्हींचा गुणाकार करून 405 ने भागलं की होमा-आयआर निघतो, म्हणजे इन्सुलिन रेझिस्टन्सचा (शरीर इन्सुलिनला दाद देत नाही त्याचा) आकडा; माझा आला 5.8, बराच जास्त. मानेवरचा काळा पट्टाही त्याचीच खूण, आणि मी तो इतकी वर्षं उन्हाचा समजून बेसन लावून घासत होते! आहारतज्ज्ञ बाईंनी दर दोन तासांनी खायचा तक्ता दिला होता. उठल्यावर बदाम, मग पोहे, अकराला फळ, चारला खाकरा, झोपताना हळदीचं दूध. सहा महिने इमानेइतबारे पाळला, वजन दोन किलोंनी वाढलं. आता दोन महिने डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या पद्धतीने दोनच वेळा जेवते, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत. पाळी सलग दोनदा वेळेवर आली. इन्सुलिन आधीच चढलेल्या बाईला दिवसभर चरायला सांगणं म्हणजे आगीत तेल ओतणं, असं माझं स्पष्ट मत झालंय. पटत नसेल तर भांडा.

ताकपिठं: भांडते. तुम्हाला लागू पडलं, आनंद आहे. मी हेच केलं तेव्हा दिवसभर घड्याळाकडे बघायचे आणि जेवायला बसले की 55 मिनिटं संपायच्या आत कोंबायचे. जेवणावर अर्धा डबा चकल्या, त्यावर श्रीखंड, कारण नंतर काही मिळणार नव्हतं. पीसीओएस असलेल्या बायकांमध्ये असं अधाशासारखं खाणं एरवीपेक्षा जास्त आढळतं, पण ते विचारतं कोण? शेवटी माझ्या डॉक्टरांनीच ते बंद करायला लावलं.

कोथिंबीरवडी: चकल्या हा पद्धतीचा दोष कसा?

ताकपिठं: पाळणाऱ्या माणसाला सोडून पद्धत वेगळी असते का? आणि तुमच्या तक्त्यात पोहे, फळ, खाकरा, सगळं पिठूळ नाहीतर गोड. दर दोन तासांनी मूठभर फुटाणे किंवा एक अंडं असतं तर?

भाकरीवाला: बायकोसाठी वाचतोय. आमच्याकडे गहू बंद करून ज्वारी आणली, साखरेच्या जागी गूळ. एवढं पुरे ना?

ताकपिठं: गुळानेही साखर चढतेच हो दादा.

मूगडाळ_नाशिक: आणि भाकरी म्हणजे औषध नव्हे. चोथा साधारण गव्हाच्या पोळीइतकाच, आणि तीन भाकऱ्या म्हणजे पिठाचा ढीगच. मी घरच्या ग्लुकोमीटरवर एक खेळ केला. दोन दिवस तेच ताट: दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. पहिल्या दिवशी भाकरी-चटणीने सुरुवात केली, तासाने साखर 168. दुसऱ्या दिवशी आधी कोशिंबीर आणि उसळ, भाकरी शेवटी, तर 139. एका घरातला प्रयोग, शास्त्र म्हणून मिरवत नाही. पण भाजी आणि प्रथिनं आधी खाल्ली की साखर सावकाश चढते, हे अभ्यासांतही दिसलंय. आपल्या ताटातला खरा खड्डा प्रथिनांचा आहे. वाटीभर पातळ वरणातून पाच-सहा ग्रॅम मिळतात, दोन अंड्यांतून बारा. किती वेळा जेवता याआधी ताटात काय पडतं ते मोजा.

सडपातळ_पण: माझं वजन 48 किलो. पीसीओएस आहे. "वजन कमी कर" म्हणणाऱ्यांनी सांगावं, कुठून?

मूगडाळ_नाशिक: तुमच्यासाठी वजनाचा काटा बिनकामाचा. चालणं, थोडं वजन उचलणं, झोप. स्नायू साखर ओढून घेतात, मग इन्सुलिन कमी लागतं. ते उतरलं की बीजांडकोशांना पुरुषी संप्रेरकं जास्त बनवण्याचा रेटाही कमी होतो.

जुना_डॉक्टर: 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं याच मुद्द्यावर स्पष्ट आहेत: पीसीओएससाठी अमुक एक आहार दुसऱ्यापेक्षा सरस, असा पुरावा नाही. त्यामुळे दोन्ही पक्षांनी तलवारी म्यान करायला हरकत नाही. कोथिंबीरवडी, दोन महिन्यांच्या पाळीवर निकाल लावू नका, सहा महिन्यांनी बोला. मेटफॉर्मिन (इन्सुलिन रेझिस्टन्सवर देतात ती गोळी) चालू असेल तर ती जेवणासोबतच घ्या, उपाशीपोटी मळमळतं. बरीच वर्षं घेत असाल तर बी-12 जीवनसत्त्व तपासा, या गोळीने ते कमी होऊ शकतं.

कोथिंबीरवडी: मेटफॉर्मिन चालू आहे, बी-12 कधीच तपासलेलं नाही. दोन वेळा मात्र मी सोडणार नाही, मला डोक्याला शांतता मिळते त्यात. उसळ आधी, हे मान्य. पण उद्या संकष्टी आहे आणि सासूबाईंनी आत्ताच साबुदाणा भिजत घातलाय. कूट दुप्पट आणि साबुदाणा निम्मा करा म्हटलं, तर म्हणाल्या, "मग त्याला खिचडी कशाला म्हणायचं?"